सगळं कव्हर्ड आहे, फक्त

देवेश वाईट बातमी हप्त्याहप्त्यानं देतो, ही मंदाकिनीबाईंची आपल्या मुलाविरुद्धची सर्वांत जुनी तक्रार होती. लहानपणी सायकल मोडली की हा आधी घंटी तुटल्याचं सांगायचा, जेवताना चाक वाकल्याचं, आणि सायकल नाल्यात पडून आहे हे दुसऱ्या दिवशी दूधवाल्याकडून कळायचं. पुढे तो शिकला, इंजिनियर झाला, कॅनडात गेला, ग्वेल्फमध्ये धान्य दळायची अवाढव्य यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत चांगल्या हुद्द्यावर बसला, डोक्यावरचे केस गेले. खोड तेवढी राहिली. मंदाकिनीबाई चौथीनंतर शाळेची पायरी चढल्या नव्हत्या, पण बोलायची एक रीत असते हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. जे असेल ते पानात एकदम वाढावं. चटणी-कोशिंबीर वाढत बसून माणसाला भातासाठी ताटकळत ठेवू नये.

फेब्रुवारीत त्या नागपूरहून आल्या, आणि विमानतळावरून घरी येताना गाडीतच पहिला हप्ता मिळाला.

"आई, आम्ही ट्रीटमेंट घेऊन राहिलो. मुलासाठी. दवाखान्यात बाहेर गर्भ तयार करतात ना, ती."

"माहीत आहे. आपल्याकडे चौकाचौकात बोर्ड लागले आहेत, गुबगुबीत बाळाच्या फोटोसकट. खर्च किती?"

"खर्चाचं टेन्शन घेऊ नको. इथे सरकार देतं. सगळं कव्हर्ड आहे."

मंदाकिनीबाईंनी काचेबाहेरच्या त्या पांढऱ्या, मुक्या, गोठलेल्या देशाकडे पहिल्यांदाच आदरानं पाहिलं. थंडी असेल, भाजीला चव नसेल, पण परक्याच्या सुनेची कूस भरावी म्हणून तिजोरी उघडणारं सरकार आहे. बसल्या बसल्याच त्यांनी त्याला मनातल्या मनात हात जोडले. पुढच्या सीटवर ऊर्मी, त्यांची सून, बसली होती. ती विद्यापीठात सोयाबीनवर संशोधन करायची, आणि शब्दांच्या बाबतीत सोयाबीनच्याच वळणावर गेली होती.

"फक्त," देवेश म्हणाला, "रांग आहे."

रांग दीड वर्षाची होती. त्यातलं बरंचसं सरलं होतं, उन्हाळ्यात नंबर लागेल असं दवाखाना म्हणत होता. हे 'फक्त' मंदाकिनीबाईंनी सहज पचवलं. चांगल्या गोष्टीला रांग असतेच. पण घरी पोचून बुटांवरचं बर्फ झाडताना दुसरं आलं. त्रेचाळीस पूर्ण व्हायच्या आत ट्रीटमेंट सुरू झाली तरच सरकार पैसे देतं, आणि ऊर्मीला नोव्हेंबरात त्रेचाळीस पूर्ण होणार होती. तिसरं दुसऱ्या दिवशी चहाबरोबर आलं. सरकार देतं ते एकदाच.

"एकदाच म्हणजे? वर्षातून?"

"आयुष्यातून."

"रेशनवर साखरसुद्धा दर महिन्याला मिळत होती रे."

त्यावर ऊर्मी हसली. सासू आल्यापासून ती पहिल्यांदाच हसली होती, म्हणून मंदाकिनीबाईंनी ते वाक्य पुढे दोनदा पुन्हा म्हणून पाहिलं. पण विनोदही बहुधा एकदाच कव्हर्ड होता.

त्याच दिवशी ऊर्मीनं त्यांच्याकडून एक शब्द घेतला. भांडी पुसता पुसता म्हणाली, "आई, एकच सांगायचंय. कुणाला कळता कामा नये. जमलं तरी मी सांगेन तेव्हाच, आणि नाही जमलं तर कधीच नाही. मला कुणाच्या नजरेत ते बघायचं नाही." मंदाकिनीबाई म्हणाल्या, "दिला शब्द." आयुष्यात त्यांनी शब्द फार कमी लोकांना दिले होते, कारण दिला की पाळावा लागतो आणि जिभेला ते मानवत नाही.

मार्चमध्ये औषधांचा हप्ता आला. दवाखान्यातली सगळी कामं सरकारच्या खर्चानं. फक्त औषधं, म्हणजे पोटात टोचायची इंजेक्शनं, आपल्या खिशातून.

"म्हणजे लग्न सरकार लावून देणार, आणि जेवणावळ मुलीच्या बापाची?"

"तसंच समज."

"खर्च तर जेवणावळीचाच असतो!"

देवेशनं आकडा सांगितला. मंदाकिनीबाईंनी रुपये करायला त्याला साठानं गुणलं, गुणाकार चुकला असेल म्हणून परत गुणलं, आणि मग खुर्ची ओढून बसल्या. देवेशनं घाईघाईनं चांगली बातमी काढली. इथलं ऑन्टॅरिओ प्रांताचं सरकार आता अशा खर्चाचा पाव भाग टॅक्समधून परत देतं. कधी देतं? पुढच्या वर्षी. आधी आपण खर्च करायचा, बिलं जपायची, मग अर्ज करायचा.

"आणि खर्च करायला पैसेच नसले तर?"

"मग पाव कशाचा देतील, आई?" ऊर्मी म्हणाली.

देवेशच्या ऑफिसचा विमा होता. त्यात दात होते, चष्मा होता, मालिशसुद्धा होती. मूल होण्याची औषधं तेवढी नव्हती. "मालिश आहे?" मंदाकिनीबाईंनी खात्री करून घेतली. "हो, वर्षाला काही डॉलरपर्यंत." बाळंतिणीची मालिश आधी आणि बाळंतपण नंतर, असा हा देश. शिवाय उरलेले गर्भ गोठवून ठेवायचे तर त्याचंही वर्षाचं भाडं आपल्यालाच भरायचं होतं. जन्माला यायच्या आत नातवंड भाडेकरू होणार, हे मंदाकिनीबाईंच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या स्वतःच्या घराच्या अभिमानाला फार लागलं.

त्यांच्या स्वतःच्या देहाचा प्रश्न तर वेगळाच. त्या पाहुण्या, त्यांना सरकारी विमा नाही. विकत घेतलेल्या विम्यात पहिले काही हजार आपले. म्हणजे बर्फावर घसरून हाड मोडलं तर इंजेक्शनांचे पैसे हाडात जाणार. हे कळल्यापासून त्या घरासमोरच्या फुटपाथवरून खेकड्यासारख्या आडव्या चालू लागल्या. समोरची गोरी बाई रोज फावड्यानं बर्फ काढता काढता थांबून बघायची आणि हात हलवायची. मंदाकिनीबाई हात हलवत नसत. तोल जायचा.

एप्रिलमध्ये देवेशनं उपाय शोधला, आणि उपाय असा की त्यापेक्षा दुखणं परवडलं. गावात एका मोठ्या कंपनीचं कॉफीचं दुकान होतं. तिथे अर्धवेळ काम करणाऱ्यालाही विमा, आणि त्या विम्यात ही औषधं. फक्त तीन महिने काम झालेलं हवं.

"तू कॉफी विकणार?"

"पहाटे पाच ते साडेआठ. मग ऑफिस. खूप लोक करतात आई, ह्याच कारणासाठी."

पोट्ट्याला इंजिनियर करायला काय काय विकलं ते मंदाकिनीबाईंनी कुणालाच सांगितलं नव्हतं, आत्ताही सांगितलं नाही. एक दिवस त्या हट्टानं दुकान बघायला गेल्या मात्र. चॉकलेटी एप्रन बांधून, छातीवर नुसतं 'देव' असं अर्धंच नाव लावून, त्यांचा मुलगा एका विशीतल्या पोरीचं बोलणं खाऊन घेत होता, कारण त्यानं दुधाचा फेस जास्त केला होता. दोनशे टनांची गिरणी बनवणारा माणूस. मंदाकिनीबाईंनी कॉफी घेतली नाही. अर्ध्या नावाच्या माणसाच्या हातचं पाणीसुद्धा त्यांच्या घशाखाली उतरलं नसतं.

आणि मे महिन्यात तिथे सुरेखानं त्याला पाहिलं.

सुरेखा महाराष्ट्र मंडळाची सेक्रेटरी. पुण्याची. दुसऱ्याच्या घरात शिरली की चप्पल काढायच्या आधी फ्रिज उघडायची, इतका आपलेपणा. शनिवारी सकाळी ती दारात उभी राहिली, दोन्ही हातांत दह्याचे रिकामे झालेले पांढरे डबे. त्यांत दही नव्हतं अर्थात. इथल्या मराठी घरांत दही संपलं की डब्याचं दुसरं आयुष्य सुरू होतं, आणि ते पहिल्यापेक्षा फार मोठं असतं. एकात मसालेभात, एकात कढी.

"काकू, आम्हाला कळलं हो."

"काय कळलं?"

"राहू द्या. शैलेंद्रचीही गेली होती मागे. सहा महिने घरी होता. पडदे धुवायला लागला होता हो तो."

मंदाकिनीबाईंच्या लक्षात आलं. नोकरी गेली असं समजून ही मसालेभात घेऊन आली आहे. नोकरी शाबूत आहे म्हणावं, तर मग पहाटे पाचला कॉफी का ओततो? विम्यासाठी म्हणावं, तर कसला विमा? प्रत्येक रस्ता त्या दिलेल्या शब्दापाशी येऊन थांबत होता. त्या म्हणाल्या, "त्याला आवड आहे कॉफीची."

सुरेखानं त्यांच्याकडे असं पाहिलं की मंदाकिनीबाईंना आपलं आसन घरात नाही, धर्मशाळेत आहे असं वाटलं. पुढच्या शनिवारी मसालेभात परत आला. त्याच्या पुढच्या शनिवारी सोबत तिचा नवरा शैलेंद्र आला, आणि त्यानं देवेशला खांद्यावर हात ठेवून सांगितलं की ओकव्हिलला त्याच्या ओळखीच्या गोदामात सुपरवायझरची जागा आहे, "सध्यापुरती, इगो बाजूला ठेवून." देवेशनं आभार मानले. मंदाकिनीबाईंनीही मानले. ते दोन शब्द म्हणताना त्यांच्या मानेची शीर ताठली होती, ती ऊर्मीला दिसली. पाहुणे गेल्यावर तिनं त्यांच्यापुढे दुधाचा कप ठेवला, वर साय.

जुलैअखेर नंबर लागला. विम्याचे महिनेही भरले. इंजेक्शनांची पेनं आली, फ्रिजमध्ये ठेवायची. आणि शनिवारी फ्रिज उघडणार सुरेखा. म्हणून ऊर्मीनं शास्त्रज्ञाच्या डोक्यानं तोड काढली. एका दह्याच्या डब्यात खाली थंड जेलची पिशवी, वर पेनं, झाकण गच्च. जगातली कुठलीही मराठी बाई दह्याच्या डब्याकडे संशयानं बघणार नाही.

इथे एक रीत आडवी आली. डबा रिकामा परत करायचा नाही. मंदाकिनीबाईंच्या आईनं केला नाही, सासूनं केला नाही, आणि ज्या बाईच्या मसालेभातानं आपली मान खाली गेली तिचा तर मुळीच करायचा नाही. तिला असं काही परत द्यायचं की तिला कळावं, हे घर खाणारं नाही, खिलवणारं आहे. दोन दिवस चक्का टांगून, केशर घोटून त्यांनी श्रीखंड केलं. सुरेखाच्या डब्यात भरलं. फ्रिजमध्ये ठेवलं. ऊर्मीच्या डब्याशेजारी.

शनिवारी सुरेखा आली ती घाईत. गाडी चालूच, बोलणं चालूच. मंदाकिनीबाईंनी डबा तिच्या हातात दिला.

"अय्या, श्रीखंड! पण आज शनिवार माझा उपास. उद्या पाहुणे आहेत, तोवर बेसमेंटच्या फ्रीझरमध्ये टाकते."

"टाक बापा, टाक," मंदाकिनीबाई म्हणाल्या, आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा ताठ मानेनं दार लावून घेतलं.

संध्याकाळी इंजेक्शनच्या वेळेला ऊर्मीनं फ्रिजमधून डबा काढला, झाकण उघडलं, आणि डबा तसाच सासूपुढे धरला.

"आई," ती म्हणाली, "हे केशराचं आहे."

देवेशनं गाडी कशी काढली आणि त्या चपला घालून कशा बसल्या ते मंदाकिनीबाईंना आठवत नाही. सुरेखाच्या दारात त्यांनी नुसतं "डबा, डबा बदलला" एवढंच म्हटलं. सुरेखा हसत हसत तळघरात गेली, बर्फाची साय धरलेला डबा घेऊन वर आली, आणि "बघू तरी काय दिलं होतंत मला" म्हणत दारातच झाकण काढलं. आत पेनं. सुयांची पाकिटं. तिचं हसू जागच्या जागी वितळलं.

"काकू. इन्शुलिन? तुम्हाला शुगर आहे?"

आता ह्या प्रश्नाचं वजन ध्यानात घ्यावं. सत्तर वर्षांच्या मंदाकिनीबाईंजवळ पैसा नव्हता, शिक्षण नव्हतं, इंग्रजी नव्हतं. साखर नाही, हे मात्र होतं. मंडळाच्या पहिल्याच कार्यक्रमात त्यांनी पन्नास माणसांसमोर सात जिलब्या खाऊन हे जाहीर केलं होतं. त्यांच्या वयाच्या सगळ्या बायका गोळ्या मोजत असताना त्या एकट्या पाकात बोट बुडवत होत्या. ही त्यांची पदवी होती.

देवेश तोंड उघडून उभा होता. त्याच्याकडून काही होणार नाही हे दिसतच होतं.

"आहे," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "खूप आहे."

परतीच्या वाटेवर गाडीत हप्ते सुरू झाले.

"आई, औषध मिळालं ते बरं झालं. फक्त गोठलंय."

"वितळेल."

"वितळेल. फक्त मग ते चालत नाही."

"मग नवीन घेऊ. विमा आहे ना?"

"आहे. फक्त एकाच औषधाचे पैसे तो इतक्या लवकर दोनदा देत नाही."

"देवेश, अजून एक 'फक्त' म्हणालास तर मी चालत्या गाडीतून उतरेन. हाड मोडलं तरी चालेल."

औषधाच्या दुकानात काउंटरपलीकडे जुलिएट रोहेकर होती. आई-वडील रायगडातले, बेने इस्रायली ज्यू, स्वतः ठाण्यात वाढलेली, मराठी आपल्यासारखीच. देवेशच्या घाबरलेल्या इंग्रजीतून तिला काही उमजेना, तेव्हा मंदाकिनीबाईंनी पुढे होऊन सगळं मराठीत सांगितलं, श्रीखंडापासून. जुलिएट ऐकत राहिली. पेनं तिनं फेकायच्या पेटीत टाकली.

"मावशी, हे गेलं. नवी आजच्या आज देते, डोस चुकायला नको. पण खिशातून भरावे लागतील, माझ्या हातात असतं तर..." मग जरा थांबून म्हणाली, "आमच्याकडेही डबा रिकामा नाही देत परत."

देवेशनं कार्ड टेकवलं. यंत्रानं आनंदानं चिवचिवाट केला. ह्या देशात पैसे जाताना यंत्रं फार गोड आवाज काढतात.

घरी ऊर्मीनं इंजेक्शन स्वतःच घेतलं, वेळ टळायच्या आत. मंदाकिनीबाई दारात उभ्या होत्या, सून काय बोलेल ते ऐकायला तयार. चूक त्यांची होती आणि चुकीवर त्यांना दुसऱ्याचं ओरडणं मान्य होतं, न ओरडणं मान्य नव्हतं. ऊर्मी म्हणाली, "तुम्ही शुगर आहे म्हणालात?"

"मग काय म्हणू?"

"आई, तुम्हाला आता वर्षभर कुणी लाडू देणार नाही."

"नाही दिला तर नाही."

ऊर्मीनं मान खाली घातली. पोटावर कापूस दाबून धरलेला हात तिनं जरा जास्तच वेळ दाबून धरला.

तिचं भाकीत खोटं ठरलं, कारण ते फार सौम्य होतं. आठवड्याच्या आत दारात कारल्याचा रस आला, मेथीदाणे आले, जांभळाच्या बियांची पूड कुणीतरी थेट ब्रॅम्प्टनहून आणून दिली. एका वाढदिवसाला सगळ्यांच्या हाती केक आणि मंदाकिनीबाईंच्या हाती काकडी. बायका फोन करून आज साखर किती आली विचारायच्या, आणि मंदाकिनीबाई ह्या आकड्यांच्या बाबतीत अडाणी, त्यामुळे एकदा त्यांनी इतका मोठा आकडा सांगितला की पलीकडची बाई अँब्युलन्स बोलवायला निघाली. नोकरी गेलेल्या मुलाची, विमा नसलेली, साखरेची म्हातारी: तीन गोष्टी, तिन्ही खोट्या, आणि तिन्हींवर मान डोलवायची. ऊर्मी मधूनच कागदात गुंडाळून पेढे आणायची. मंदाकिनीबाई ते वॉशरूममध्ये आतून कडी लावून, नळ सोडून खायच्या. सत्तराव्या वर्षी नळ सोडून पेढा खायचा, ह्याहून खाली बाईमाणसाच्या जातीनं जावं तरी किती.

पण शब्द टिकला. डब्यातलं गुपित डब्यातच राहिलं.

मग दवाखान्याचे हप्ते सुरू झाले, आणि त्या वेळी मंदाकिनीबाईंच्या ध्यानात आलं की दवाखानाही देवेशच्याच शाळेतला. ऊर्मीची बीजं निघाली नऊ. "छान आकडा आहे म्हणाले!" दुसऱ्या दिवशी: पिकलेली सहा. त्याच्या दुसऱ्या दिवशी: जुळलेली चार. रोज सकाळी फोन यायचा, रोज देवेश बाहेर अंगणात जाऊन घ्यायचा, आत येऊन पहिल्यांदा हवामानाबद्दल बोलायचा. ऊर्मी टेबलाशी ताठ बसून त्याचं हवामान संपायची वाट बघायची. पाचव्या दिवशी तो ढगांबद्दल बराच बोलला. मग म्हणाला, "एक आहे. पण चांगलं आहे."

गोठवायला काही उरलंच नाही. भाड्याचा प्रश्न मिटला.

ते एक ऊर्मीच्या पोटात ठेवलं, आणि अकरा दिवस थांबायला सांगितलं. मंदाकिनीबाईंच्या पोटात सल्ल्यांचा डोंगर होता: जिना चढू नको, पपई खाऊ नको, सोयाबीनला रजा दे. त्यातला एकही त्यांनी बाहेर काढला नाही. त्या नुसता वरणभात रांधत राहिल्या, आणि ऊर्मी जेवता जेवता कधी नकळत पोटावर हात ठेवायची तेव्हा दुसरीकडे बघत राहिल्या. एकदा ऊर्मीनं विचारलं, "आई, तुम्हाला काय वाटतं?" मंदाकिनीबाईंना खोटं बोलायची आता चांगली सवय झाली होती, पण हिच्याशी बोलवेना. त्या म्हणाल्या, "मला वाटायला लागलं की मी भाजी जळवते. वाढू का अजून?"

अकरावा दिवस नेमका मंडळाच्या गणपतीचा निघाला. सकाळी दवाखान्यात रक्त देऊन तिघं तिथूनच शाळेच्या हॉलवर गेली, कारण उकडीचे मोदक करायचं मंदाकिनीबाईंनी कबूल केलं होतं. साखरेच्या बाईचा हात लागला तर चालतो, तोंड लागलेलं चालत नाही, असा मंडळाचा निर्णय. रिपोर्ट फोनवर येणार होता. गाडीतून उतरताना ऊर्मीनं आपला फोन देवेशच्या हातात ठेवला.

"मी नाही बघणार. तू बघ आणि मला येऊन सांग. लगेच."

शाळेच्या स्वयंपाकघरात बायका ओळीनं बसल्या. ऊर्मी मंदाकिनीबाईंच्या समोर. तिच्या हाताला कळ्या सुरेख पडायच्या. देवेश बाहेरून गेला की तिचे हात थांबायचे, आणि तो पुढे निघून गेला की उकडीच्या पारीला पुन्हा चिमटा बसायचा. देवेश खुर्च्या नेत होता. मंदाकिनीबाईंनी दोनदा पाहिलं, तिसऱ्यांदा पाहिलं, आणि उठल्या. खुर्च्या कधीच लावून झाल्या होत्या. त्याच खुर्च्या हा ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत हिंडवत होता.

कॉरिडॉरमध्ये, चपलांच्या ढिगाशी, त्यांनी त्याला गाठलं.

"आई, ऊर्मीची तब्येत उत्तम आहे म्हणाले."

"पुढे."

"सगळे नंबर तसे नॉर्मल आहेत, फक्त..."

"पुढे."

त्यानं हातातली खुर्ची खाली ठेवली. "नाही झालं."

आत कुणीतरी टाळ तपासून बघत होतं. चपलांच्या ढिगात लहान मुलांचे दिवे लागणारे बूट होते, त्यांतला एक कुणाचा तरी पाय लागून उगीचच लुकलुकत होता.

"कधी कळलं?"

"पावणेबाराला."

समोरच्या घड्याळात दोन वाजून गेले होते.

"आणि तिला?"

"म्हटलं आरती होऊ दे. दोन घास जाऊ दे पोटात. मग घरी गेल्यावर, आधी म्हणेन रिपोर्ट नीट कळत नाहीये, मग रात्री..." त्यानं डोळे पुसले. "आता पुढचं सगळं आपल्याच खिशातून आई. पाव परत मिळेल, पण... मी अजून एक शिफ्ट घेईन. तिला लगेच कसं सांगू मी?"

तेवढ्यात सुरेखा आली, हातात कागदी बशी. बशीत मोदकाचा चौथा हिस्सा.

"काकू, प्रसाद म्हणून. पाव चालतो हं, जास्त नाही. आणि देवेश, धीर सोडू नकोस, लागेल रे नोकरी." ती त्याचे ओले डोळे बघून त्याच्या पाठीवर थोपटून गेली.

मंदाकिनीबाईंनी तो पाव मोदक तसाच हातात धरला. ती पुरती आत गेली. मग नेहमीच्या आवाजात, ना हळू ना मोठ्यानं, म्हणाल्या:

"देवेश, तुला वाटते तू मायेनं वागून राहिला. तू भित्रा आहेस बापा, आणि तुझ्या भीतीचं बिल ती भरून राहिली. सरकारनं तिला दीड वर्ष रांगेत उभं केलं, दवाखान्यानं अकरा दिवस. त्यांना ती कोण लागते? पण ती आत उकड हातात घेऊन सव्वादोन तास तुझ्या तोंडाकडे बघून राहिली, आणि तू खुर्च्या उचलून राहिला. तुला मी इंजिनियर केलं, माणूस करायचं राहून गेलं वाटते. जा आत. हात धुवायला बोलव तिला, आणि एका दमात सांग."